शून्याने थांबविलेली युद्धनौका

वाशिम जिल्ह्यातल्या शिक्षकांना आम्ही एक साधा प्रयोग सुचवतो. गणकयंत्रावर ५ भागिले ० हे गणित करावे. पडद्यावर चुकीची खूण उमटते आणि ती पुसेपर्यंत साधे यंत्र पुढचे गणित करीत नाही. मुलांना गंमत वाटते. पण हीच चूक एकदा भर समुद्रात एका युद्धनौकेला भोवली आहे.

'यॉर्कटाउन' ही अमेरिकेची क्षेपणास्त्रवाहू नौका. कमी खलाशांत काम भागावे म्हणून तिच्यावर संगणकांचे जाळे बसवले होते. या संगणकांत बाजारात मिळणारी 'विंडोज एनटी ४.०' ही कार्यप्रणाली होती. सप्टेंबर १९९७ मध्ये एका खलाशाने माहितीच्या रकान्यात शून्य भरले. आज्ञावलीने त्या शून्याने भागाकार करायला घेतला. चूक जाळ्यात पसरली, इंजिनांवरचे नियंत्रण गेले आणि नौका सुमारे पावणेतीन तास जागच्या जागी तरंगत राहिली.

दोष कोणाचा? कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. स्मृतीची वाटणी कशी करायची, कोणत्या आज्ञावलीला केव्हा वेळ द्यायचा, हे ती ठरवते. रकान्यातले शून्य नाकारणे हे तिचे काम नव्हे. ते त्या विशिष्ट आज्ञावलीचे. मात्र एक आज्ञावली कोलमडली तरी इंजिने चालू राहावीत, अशी साऱ्या व्यवस्थेची रचना हवी होती. ती नव्हती. म्हणून केवळ 'विंडोज'ला बोल लावून भागत नाही.

बाजारातली प्रणाली घेण्यामागे कारणे असतात. ती तयार मिळते, स्वस्त पडते, ती वापरता येणारी माणसेही सहज मिळतात. ब्रिटनने २००८ पर्यंत आपल्या पाणबुड्यांच्या युद्धसंचालनासाठी विंडोजवर आधारलेली व्यवस्था बसवली.

खरी अडचण आयुष्यमानाची आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'दिल्ली' ही विनाशिका नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या नौदलात आली आणि आजही सेवेत आहे. त्याच काळातल्या एनटी ४.० ची देखभाल मात्र कंपनीने २००४ अखेर थांबवली. नौका तीस-चाळीस वर्षे चालते, प्रणाली जेमतेम दहा. देखभाल थांबली की नव्याने सापडलेली भोके बुजवणारे कोणी उरत नाही. विंडोज एक्सपीची सर्वसाधारण देखभाल २०१४ साली संपली, तेव्हा अमेरिकी नौदलाला ती पुढे चालू ठेवण्यासाठी २०१५ साली सुमारे ९० लाख डॉलरचा करार करावा लागला.

दुसरा प्रश्न मालकीचा. बंद प्रणालीचे मूळ लेखन कंपनीच्या हाती असते; खुल्या प्रणालीचे कोणालाही तपासता येते, दुरुस्तही करता येते. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली इंटरनेटला जोडलेल्या कार्यालयीन संगणकांसाठी उबुंटू या खुल्या प्रणालीवर आधारलेली 'माया' स्वीकारायचे ठरवले. ती घडवण्यात पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचाही वाटा आहे.

तरीही एक गोष्ट विसरू नये. प्रणाली देशी असो वा परदेशी, खुली असो वा बंद, शून्य न तपासणारी आज्ञावली कोठेही अडखळेलच. वर्गात भागाकाराची कृती पायरी-पायरीने लिहून घ्यावी आणि 'भाजक शून्य आहे का?' हा प्रश्न मुले आपणहून कोणत्या पायरीवर लिहितात, ते पाहावे. बहुतेकांकडून तो सुटेल. यॉर्कटाउनवर नेमके तेच झाले होते.