‘६७’ म्हणजे नेमकं कधी?

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांच्या अंगावर असलेलं हिरवं जंगल-जॅकेट उलटं करून पाहिलं, की कॉलरच्या किंवा खिशाच्या आत एक पांढुरकं लेबल सापडतं. त्यावर कपड्याचं नाव, माप, धुण्याच्या सूचना, कारखान्याचं नाव आणि काही लांबलचक क्रमांक असतात. संग्राहक बहुतेक वेळा कारखान्याचं नाव शोधतात. जॅकेट अस्सल की नकली हे पारखायचं, तर माझ्या मते खरा खजिना त्या क्रमांकांत आहे.

समजा, ‘डीएसए १००-६७-सी’ अशी अक्षरं आणि पुढे चार आकडे आहेत. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी, अमेरिकेच्या सगळ्या लष्करी दलांसाठी खरेदी करणारी संस्था. १०० हा तिच्या फिलाडेल्फियातल्या कार्यालयाचा आकडा. याच शहरात १८६० च्या दशकातल्या यादवी युद्धात शिवणकाम करणाऱ्या बायका स्कूलकिल आर्सेनलमधून बेतलेलं कापड घरी नेत आणि गणवेश हातांनी शिवून परत आणत. शंभर वर्षांनंतरही सैन्याच्या कपड्यांचे करार तिथूनच होत होते, हे त्या तीन आकड्यांतून कळतं तेव्हा मी थक्क होतो.

‘६७’ हे आर्थिक वर्ष. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, अमेरिकन सरकारचं तेव्हा १ जुलैला सुरू होई. म्हणजे हा करार जुलै १९६६ ते जून १९६७ या काळातला. शिवाय ही तारीख कराराची आहे, शिवणकामाची नव्हे. करार झाल्यावर कापड यायचं, बेतलं जायचं, शिवलं जायचं, मग जहाजावर चढायचं. ‘६७’चं जॅकेट १९६८ मध्ये सैनिकाच्या हाती पडलं असेल, तर त्यात संशयास्पद काहीच नाही.

संशय यावा तो दोन क्रमांकांचं एकमेकांशी जुळत नसेल तेव्हा. त्याच लेबलावर साठा-क्रमांकही असतो. तो १९७४ पर्यंत ११ अंकी होता, नंतर १३ अंकी झाला. ‘६७’च्या कराराखाली १३ अंकी क्रमांक छापलेला दिसला, की ते लेबल पुढच्या काळात बसून कुणीतरी बनवलं आहे. तसंच, १ जानेवारी १९७७ ला डीएसएचं नाव बदलून डीएलए झालं. १९६० च्या दशकातल्या जॅकेटवर डीएलए असूच शकत नाही. नकली लेबल बनवणारा अक्षरांचं वळण हुबेहूब उतरवतो आणि अशा कारकुनी तपशिलात अडकतो.

मग जॅकेटची ठेवण पाहायची. सुरुवातीच्या जंगल-जॅकेटची बटणं उघडी होती. ती झाडाझुडपांत अडकत, म्हणून पुढे पट्टीखाली लपवली गेली. त्यानंतर खांद्यावरच्या पट्ट्याही गेल्या आणि अखेरीस चौकड्यांची वीण असलेलं, फाटलं तरी चीर पुढे न सरकणारं रिपस्टॉप कापड आलं. उघड्या बटणांच्या जॅकेटला ‘६९’चं लेबल असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय.

अतिनील दिव्याखाली लेबल निळसर चमकलं की ते नकली, असा एक नियम सांगतात. त्या एकट्यावर विसंबू नये. धुण्याच्या पावडरीत कपडा उजळवणारी रसायनं असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं धुतलेलं अस्सल लेबलही चमकू शकतं.

सगळ्यात अवघड फसवणूक म्हणजे फाटक्या जॅकेटचं अस्सल लेबल उसवून दुसऱ्यावर शिवणं. इथे क्रमांक निर्दोष असतात. मग भिंग घेऊन टाके पाहायचे: लेबलाचा दोरा बाकीच्या शिवणीइतकाच विटलाय का, शेजारी जुन्या सुईची रिकामी भोकं आहेत का. लेबलाची कड जराशी उचलता आली, तर खालचं कापडही पाहावं. मूळ लेबलाने झाकलेला भाग ऊन आणि घासण्यापासून वाचलेला असतो, म्हणून तो आजूबाजूपेक्षा गडद हिरवा राहतो. त्या गडद चौकोनाची मापं आणि वरच्या लेबलाची मापं जुळायला हवीत.