तेलकट गाळ आणि त्याचे सूक्ष्म भक्षक

शुद्धीकरणाच्या कारखान्यांत कच्चें तेल येतें तें एकटें येत नाहीं. त्याबरोबर पाणी, माती, क्षार व धातूंचे अंशही येतात. टाक्यांत तेल साठून राहिलें म्हणजे जड भाग तळाशीं बसतो. सांडपाण्यांतून तेल निराळें काढतांनाही तसाच काळा, चिकट गाळ उरतो. यंत्रांनीं निघेल तेवढें तेल काढून घेतलें तरी शेष गाळाचें करावयाचें काय, हा प्रश्न राहतोच. तो उघड्या खड्ड्यांत टाकला तर त्यांतील विषारी द्रव्यें झिरपत विहिरींच्या पाण्यापर्यंत पोंचण्याचें भय. जाळावा तर धूर आणि काजळी. भारताच्या २०१६ च्या नियमांत त्याची गणना घातक कचऱ्यांत केली आहे ती याचमुळें.

या अडचणींत मनुष्याच्या मदतीला येतात ते अतिसूक्ष्म जंतु. भूगर्भांतून व समुद्राच्या तळांतून तेल पाझरणें ही निसर्गांतील फार पुरातन घटना आहे. आणि जेथें अन्न तेथें खाणाराही निर्माण होतोच. १९४६ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॉड झोबेल यांनीं अशा तेलभक्षक जंतूंच्या सुमारें शंभर जातींचा आढावा प्रसिद्ध केला. तेल म्हणजे मुख्यतः कर्ब व हायड्रोजन यांच्या सांखळ्या. कित्येक जंतु साबणासारखें द्रव्य स्रवून तेलाचे बारीक कण करतात, सांखळीच्या टोंकास प्राणवायु जोडतात आणि मग तिचा एकेक तुकडा तोडून पचवितात. शेवटीं पाणी, कर्बाम्ल वायु आणि जंतूंची वाढलेली प्रजा एवढेंच उरतें.

मग गाळ आपोआप नाहींसा कां होत नाहीं? नुसत्या तुपावर माणूस जगत नाहीं, तसेच जंतुही नुसत्या तेलावर वाढत नाहींत. त्यांना नत्र व स्फुरद लागतें, ओल लागते आणि मुख्य म्हणजे हवा लागते. दाट गाळाच्या पोटांत ती शिरत नाहीं. म्हणून खालीं अस्तर घातलेल्या वाफ्यांत गाळ मातींत मिसळून पसरतात, खत घालतात, पाणी शिंपडतात व वारंवार नांगरतात. कारखान्याच्या आवारांत चालणारी ही एक प्रकारची शेतीच होय. १९८९ मध्यें ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजांतील तेलानें अलास्काचा किनारा माखला, तेव्हां तेथेंही खत फवारून स्थानिक जंतूंनाच बळ देण्यांत आलें होतें.

भारतांत दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेनें पांच प्रकारचे जंतु एकत्र करून, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीवर ते बसविले. ‘ऑइलझॅपर’ नांवाचें हें मिश्रण शुद्धीकरण कारखान्यांच्या गाळावर वापरलें गेलें. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलें, त्या वेळींही त्याचा उपयोग करण्यांत आला.

परंतु या उपायाला मर्यादा आहेत. सरळ सांखळ्यांचा फडशा लवकर पडतो. डांबरासारखा जड भाग मात्र दीर्घकाळ टिकून राहतो. कामाला महिने लागतात, थंडींत तें मंदावतें. निकेल, व्हॅनेडियम यांसारखे धातु तर कोणताच जंतु नष्ट करूं शकत नाहीं. यास्तव वाफ्यावर गवत उगवलें एवढ्यावरून ती माती निर्दोष मानणें धोक्याचें आहे. तेल व धातु या दोहोंची तपासणी झाल्यावांचून ती कोणाच्या शेतांत जातां कामा नये. जंतु आपलें काम इमानानें करतात. त्यांना न जमणारें काम त्यांच्या नांवावर न खपविणें, हें मनुष्याचें काम आहे.