भरतीचे पाणी परतल्यावर : खारदलदलीच्या नोंदी ठेवणारे हात

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड हे दुमडलेल्या बाहूसारखे समुद्रात शिरलेले भूशीर आहे. त्याच्या खाड्यांच्या काठाने खाऱ्या पाण्याची गवताळ दलदल पसरलेली आहे. आपल्याकडे जेथे खारफुटी वाढते, तेथे त्या थंड प्रदेशात स्पार्टिना जातीची गवते उभी असतात. सखल भागातील उंच गवत दिवसातून दोनदा भरतीत बुडते. वरच्या भागातील बारीक, आडवे पडणारे गवत मुख्यतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातच भिजते. ही खारदलदल वादळी लाटांचा जोर मोडते, माशांच्या पिलांना आसरा देते आणि चिखलात कर्ब साठवून ठेवते.

गेल्या दोन शतकांत रस्ते, लोहमार्ग आणि बांध यांनी अशा अनेक दलदलींची भरती अडवली. वेलफ्लीट गावाजवळील हेरिंग नदीचे उदाहरण बोलके आहे. डासांचा उपद्रव कमी व्हावा आणि जमीन मिळावी, या हेतूने १९०९ मध्ये नदीच्या मुखावर बांध घालण्यात आला. त्याची दारे ओहोटीला पाणी बाहेर सोडीत आणि भरतीला मिटत. गोव्याच्या वाचकाला मानशीची आठवण व्हावी, असेच हे तंत्र. परंतु परिणाम विपरीत झाला. सुकलेल्या चिखलातील गंधकाची संयुगे हवेच्या संपर्कात येऊन आम्ल तयार झाले, मासे मेले, जमीन खचली आणि गोड्या पाण्याच्या वनस्पतींनी खाऱ्या गवताची जागा घेतली. आता तेथे भरती परत आणण्याचे काम हाती घेण्यात आले असून प्रत्यक्ष बांधकाम २०२३ मध्ये सुरू झाले. पाणी एकदम सोडायचे नाही, दारे टप्प्याटप्प्याने उघडायची, असे धोरण आहे. साहजिकच पुढचा टप्पा केव्हा, हे ठरवण्यासाठी मोजमापे लागतात.

अशी मोजमापे वर्षानुवर्षे करणे केवळ पगारी शास्त्रज्ञांच्या आवाक्यातले नाही. म्हणून न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर या शतकाच्या सुरुवातीपासून प्रशिक्षित स्वयंसेवकांची मदत घेतली जाते. पद्धत साधी, पण काटेकोर असते. खाडीच्या काठापासून जमिनीच्या उंचवट्यापर्यंत ठरावीक रेषा आखतात. तिच्यावर ठरावीक अंतराने एक मीटरची चौकट ठेवून आत कोणती वनस्पती किती टक्के आहे, ते लिहितात. जमिनीत पुरलेल्या भोके पाडलेल्या नळीतून मुळांजवळचे पाणी काढून त्याचा खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने पाहतात. सापळ्यांत सापडलेले मासे आणि खेकडे मोजून पुन्हा पाण्यात सोडतात. दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच जागी आणि त्याच रीतीने हे काम करावे लागते.

यातील खरी मेख तुलनेत आहे. भरती परत मिळालेल्या दलदलीबरोबरच जवळची, कधीही न अडवलेली दलदलही मोजली जाते. एखाद्या वर्षी गवत घटले, तर तो दुष्काळाचा परिणाम की पुनरुज्जीवनाचे अपयश, हे जोडीदार दलदलीशिवाय कळत नाही. काम सुरू होण्यापूर्वीच्या नोंदीही तितक्याच मोलाच्या. त्या नसतील तर सुधारणा कशाच्या तुलनेत मोजणार? अरुंद मोरी रुंद केल्यावर खारटपणा लवकर वाढतो. आपल्याकडच्या नळासारखी दिसणारी फ्रॅग्मायटिस ही आक्रमक वनस्पती खुरटू लागते. स्पार्टिना परतायला मात्र अनेक वर्षे जातात. म्हणून दोन वर्षांत निकाल मागणारा अहवाल फसवा ठरतो.

नैसर्गिक दलदलही आता स्थिर राहिलेली नाही. समुद्राची पातळी वाढत असल्याने वरच्या भागातील बारीक गवत मागे हटते आणि सखल भागातील गवत त्याची जागा घेते. वरच्या गवतात घरटे करणाऱ्या सॉल्टमार्श स्पॅरो या चिमणीची संख्या १९९८ ते २०१२ या काळात वर्षाला सुमारे ९ टक्क्यांनी घटली. उधाणात तिची घरटी बुडतात. ज्या दलदलीशी तुलना करायची, तीच बदलत असल्याचे भान या नोंदींमुळेच राहते.

गोव्याची खाजने म्हणजे खारदलदल नव्हे. ती गावकऱ्यांनी बांध घालून घडवलेली, कोरगुटासारखे खारे सोसणारे भात आणि मासळी देणारी शेती आहे. तेथे भरती रोखणारा बांध टिकणे महत्त्वाचे. केप कॉडला तो उघडणे महत्त्वाचे. प्रश्न मात्र एकच : पाणी केव्हा, किती आणि कोठवर आले? बांध फुटून शेत खाऱ्या पाण्याखाली गेले आणि तेथे खारफुटी रुजली, की ती जमीन मुळात शेती होती की नाही, यावरच वाद उभा राहतो. अशा वेळी आठवणीपेक्षा तारखेसह केलेली नोंद अधिक भक्कम ठरते. मानशीजवळच्या पाण्याचा खारटपणा महिन्यातून एकदा मोजणे आणि बांधाचे छायाचित्र दर ऋतूत एकाच जागेवरून घेणे, इतके काम कोणत्याही गावातील शाळा किंवा कुळांची संघटना करू शकेल. त्याची खरी किंमत बांध फुटेल त्या दिवशी कळेल.