तीन खात्यांची एक पेटी

एखाद्या बँकेच्या, कारखान्याच्या अथवा रुग्णालयाच्या आयटी विभागात सर्व्हर एका अधिकाऱ्याच्या अखत्यारीत, स्टोरेज दुसऱ्याच्या आणि त्या दोहोंना जोडणारे फायबर चॅनलचे स्विच तिसऱ्याच्या ताब्यात असले, म्हणजे ‘सिस्टिम फार स्लो चालते आहे’ एवढ्या एका साध्या तक्रारीची चौकशीही तीन दारांतून फिरत राहते. सर्व्हरवाला आपल्या प्रोसेसरचा आलेख पुढे करतो, स्टोरेजवाला आपल्या डिस्कांचा, स्विचवाला आपल्या पोर्टांचा, आणि तिघांचीही कैफियत आपापल्या जागी खरी असूनही शाखेतील खिडकीपुढची रांग काही हलत नाही. हायपर-कन्व्हर्ज्ड इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे व्यवसायातील मंडळींच्या तोंडी असलेले एचसीआय, या सर्व्हर व स्टोरेज एकाच पेटीत आणणाऱ्या रचनेचा वेग, काटकसर आणि विस्तारसुलभता यांची वाखाणणी विक्रेते करतात आणि ती अस्थानी नाही. परंतु तिचा सर्वांत मोठा लाभ, माझ्या मते, हा की तिने या विभागलेल्या जबाबदारीला एक धनी मिळवून दिला.

जुनी व्यवस्था अविचाराने जन्मलेली नव्हती, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. सर्व्हरच्या पोटातील डिस्कवर ठेवलेला डेटा तो सर्व्हर बंद पडताच दुर्गम होई. म्हणून तो बाहेर काढून, दोन कंट्रोलर असलेल्या एका महागड्या सामायिक स्टोरेजमध्ये ठेवण्याची वहिवाट पडली. पुढे व्हीएमवेअर कंपनीने 2001 साली ईएसएक्स सर्व्हर बाजारात आणून एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालविण्याचा मार्ग व्यवसायांना खुला केला, आणि 2003 मध्ये व्हीमोशनच्या साहाय्याने चालू मशीन न थांबविता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविण्याची किमया साधली. त्यासाठी दोन्ही सर्व्हरांना एकच स्टोरेज दिसणे त्या वेळी आवश्यक असल्यामुळे सामायिक पेटीचे महत्त्व अधिकच दृढ झाले.

त्याच 2003 साली गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या फाइल सिस्टिमची रचना एका शोधनिबंधात प्रसिद्ध केली. तिच्यामागील विचार उलट दिशेचा होता: यंत्रे साधी व स्वस्त घ्यावीत, ती बिघडणारच असे गृहीत धरावे, आणि प्रत्येक फाइलचे 64 मेगाबाइटचे तुकडे करून एकेका तुकड्याच्या सामान्यतः तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवाव्यात. विश्वासार्हता महाग लोखंडातून न मिळविता सॉफ्टवेअरच्या शिस्तीतून मिळवावी, असा हा मंत्र. त्या फाइल सिस्टिमवर काम केलेले आणि दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले मोहित आरोन, तसेच कानपूरच्या आयआयटीचे धीरज पांडे व अजीत सिंग, या तिघांनी 2009 साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे न्यूटॅनिक्स स्थापन केली आणि जी विद्या केवळ महाकाय कंपन्यांच्या दालनांत नांदत होती ती सामान्य व्यवसायाच्या सर्व्हर-रूममध्ये आणण्याचे व्रत घेतले. 2011 साली त्यांचे पहिले यंत्र विक्रीस आले. व्हीएमवेअरने 2014 च्या मार्चमध्ये व्हीसॅन आणले, मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर 2016 मध्ये तीच सोय केली, आणि याच क्षेत्रातील सिंप्लिव्हिटी ही कंपनी एचपीईने 2017 साली 65 कोटी डॉलरांना विकत घेतली.

आता प्रत्यक्ष यंत्र. न्यूटॅनिक्सच्या आरंभीच्या पेटीची उंची रॅकमधील दोन खणांची, म्हणजे सुमारे साडेतीन इंच. तीत चार स्वतंत्र सर्व्हर, ज्यांना नोड म्हणतात, आणि प्रत्येकाला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी व डिस्का. प्रत्येक नोडवर हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीने चालविणारा मूळ प्रोग्राम, चालतो आणि त्याच्यावर इतर मशीनांच्या जोडीने एक विशेष व्हर्च्युअल मशीन चालते, जिच्याकडे त्या नोडच्या डिस्कांचा सर्व कारभार सोपविलेला असतो. ही कारभारी मशीने नेटवर्कवरून एकमेकींशी सतत संवाद राखून सगळ्या डिस्कांचे मिळून एकच स्टोरेज असल्याचे वरच्या प्रणालीला भासवितात. कोणी एखादी नोंद लिहिली की ती प्रथम जवळच्या एसएसडीवर आणि त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या नोडवर रुजू होते, आणि दोन्ही ठिकाणांहून पोच आल्यावाचून ‘लिहिले’ असे उत्तर दिले जात नाही; वाचन मात्र शक्यतो त्याच नोडवरून होते. सकाळी शाखा उघडताच शेकडो कर्मचारी एकदम लॉगिन करू लागले, तरी सर्वांची वाट एकाच पेटीच्या दोन कंट्रोलरांमधून जात नसल्याने तेथे खोळंबा होत नाही.

नोड मेला तर काय, हा प्रश्न कोणताही जबाबदार अधिकारी प्रथम विचारील. त्यावरील मशीने अल्पावधीत इतर नोडांवर पुन्हा सुरू होतात. आणि ज्या तुकड्यांची आता एकच प्रत उरली, त्यांची नवी प्रत करण्याच्या कामाला उरलेले सगळे नोड मिळून लागतात. गावात एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले म्हणजे सगळ्यांचे बैल एका दिवसासाठी त्याच्या बांधावर येतात, त्या इर्जिकेचे तत्त्वच येथे राबते. अनेक डिस्का एकत्र बांधणाऱ्या जुन्या ‘रेड’ पद्धतीत एका नव्या डिस्कवर सगळा भार पडून ही दुरुस्ती तासन्‌तास रेंगाळे. येथे नोडांचा समूह, म्हणजे क्लस्टर, जितका मोठा तितकी ती लवकर उरकते. सामान्यतः किमान तीन नोड लागतात त्याचेही कारण आहे: दोनच असते आणि त्यांच्यातील तार तुटली असती, तर प्रत्येकाने दुसऱ्याला मृत समजून स्वतंत्रपणे लिहिण्यास आरंभ केला असता; तिसऱ्याच्या मतामुळे बहुमत ठरते.

विभागाच्या दैनंदिन कारभारात याचे फळ दिसते ते असे. पाच वर्षांनी किती डेटा साठेल याचा अंदाज बांधून आजच मोठ्या रकमेची दरखास्त मंजूर करून घेण्याऐवजी तीन-चार नोडांनी आरंभ करावा आणि गरज पडेल तसा एकेक जोडावा. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालताना एका नोडवरील मशीने इतरत्र हलवून तो रिकामा करायचा, अद्ययावत करायचा, मग दुसरा. यामुळे जी कामे शनिवारच्या मध्यरात्री, सेवा बंद ठेवून करावी लागत, ती कामाच्या दिवशी उजेडात होऊ लागली. ज्यांनी अशा रात्री सर्व्हर-रूमच्या थंडीत काढल्या आहेत, त्यांना या एका सोयीची किंमत निराळी सांगावयास नको. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांपैकी लहान बँकांचा आयटी विभाग दोन-चार माणसांचा असतो. तेथे स्टोरेजचा वेगळा तज्ज्ञ नेमणे परवडणारे नसते, म्हणून अशा संस्थांना ही रचना विशेष मानवते.

तथापि हिशेब नीट मांडला पाहिजे. तीन नोडांवर प्रत्येकी 20 टेराबाइट म्हणजे 60. दोन प्रतींमुळे त्याचे 30. आणि एक नोड गेला तरी पुन्हा दोन प्रती करता याव्यात एवढी मोकळी जागा राखायची तर निर्धास्तपणे वापरण्यास उरतात 20. कारभारी मशीन प्रत्येक नोडवरील 20-30 गीगाबाइट मेमरी स्वतःसाठी सहज घेते, आणि 10 गीगाबिटचे नेटवर्क नसेल तर सगळाच डोलारा मंदावतो. ज्या संस्थेचा डेटा वाढतो पण गणनेची गरज वाढत नाही, जसे एक्स-रे व सीटी स्कॅनच्या प्रतिमा वर्षानुवर्षे जपणारे रुग्णालय, तिने नोडांमागे नोड घेत जाणे म्हणजे न लागणाऱ्या प्रोसेसरांचे पैसे मोजणे. केवळ साठवणुकीचे नोड आता मिळतात, तरी तेथे वेगळे स्टोरेज मला अधिक योग्य वाटते. आणि दोन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, ही गोष्ट तर ठणकावून सांगितली पाहिजे: चुकून पुसलेली अथवा रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेली फाइल दोन्ही ठिकाणी तितक्याच तत्परतेने नष्ट होते. निराळ्या जागी, निराळ्या अधिकाराखाली ठेवलेली प्रत येथेही अनिवार्यच आहे.

राहता राहिला धन्याचा प्रश्न, कारण एक धनी मिळाला की त्याच्या अटीही आल्या. ब्रॉडकॉमने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये व्हीएमवेअरचा ताबा घेतला आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसेन्सांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत लागू केली. तेव्हापासून जगभरचे आयटी विभाग आपले करारनामे पुन्हा वाचू लागले आहेत आणि केव्हीएमवर आधारलेल्या एएचव्हीसारख्या दुसऱ्या हायपरव्हायझरांची चाचपणी करीत आहेत. म्हणून खरेदीच्या वाटाघाटींतच, आपली व्हर्च्युअल मशीने दुसऱ्याच्या क्लस्टरवर नेण्याची रीत कोणती, तिला वेळ किती लागतो आणि वर्गणी संपल्यावर चालू यंत्राचे काय होते, या तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात, आणि पहिली तर चार बिनमहत्त्वाची मशीने हलवून प्रत्यक्ष पाहून घ्यावी.