फेजमधलं घर आणि फुफीची सही

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानात आमची सहरी चालू असताना धाकट्या चुलतभावाचा फोन आला. तो मोरोक्कोतल्या फेज शहरात होता, तरावीह पढून नुकताच खोलीवर परतलेला. "भाईजान, घर सापडलं. पण मालक अकरा आहेत," तो म्हणाला. मुलगा कोकणातला, नोकरीला रॉटरडॅममध्ये. तिथल्या मोरोक्कन सहकाऱ्यांबरोबर सुट्टीत फेजला गेला आणि जुन्या शहरातल्या एका मोडकळीस आलेल्या घरावर जीव जडवून बसला.

फेज आपल्याला ठाऊक आहे ते काळ्या गोंड्याच्या लाल टोपीमुळे. तिथलं जुनं शहर 1981 सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार शिरतच नाही. चुना, वाळू, लाकडाचे वासे, पाडकामाचा राडारोडा, सगळं गाढवा-खेचरांच्या पाठीवरून जातं. परदेशी खरेदीदाराचा पहिला हिशेब इथंच चुकतो.

घर बाहेरून पाहाल तर कोरी भिंत आणि एक दरवाजा. आत मात्र आपल्या वाड्यासारखा चौक. चौकात बाग असेल तर 'रियाद', नसेल तर नुसतं 'दार'; अरबीत दार म्हणजे घर. भिंती शेजाऱ्यांशी सामायिक, त्यामुळे एक घर ओढलं की दुसरं कलतं. जुन्या भिंती चुन्याच्या. घाईत त्यावर सिमेंट थापलं की आतली ओल कोंडते आणि भिंत आतून फुगते. भावाला हे तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी बजावलं. झलीज म्हणजे रंगीत फरशीचे तुकडे. ते हातोडीनं एकेक घडवून पालथे मांडतात, म्हणजे नक्षी मांडणाऱ्याच्या डोक्यात असते, डोळ्यांपुढे नाही. रमजानात काम आणखी सावकाश चालतं. 2018 पासून मोरोक्कोचं घड्याळ वर्षभर एक तास पुढे असतं, रमजानापुरतं ते मागे घेतात. रोजेदार मजूर दुपारीच हत्यारं आवरतो आणि त्यात त्याची चूक काही नाही.

परदेशी माणसाला मोरोक्कोत शहरातलं घर घेता येतं, शेतजमीन नाही. पैसा मात्र परकीय चलनात, बँकेतूनच न्यायचा आणि त्याची पावती जन्मभर जपायची. ती नसेल तर पुढे घर विकल्यावर रक्कम देशाबाहेर काढताना अडचण येते. भारतात राहणाऱ्याला परदेशी घरासाठी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. भाऊ अनिवासी, त्याला ही मर्यादा नव्हती.

खरी मेख कागदात होती. तिथं काही घरांची सरकारी नोंदणी झालेली असते. ज्यांची नसते, त्यांची मालकी 'मिल्किया' या जुन्या दस्तावर चालते. तो 'अदूल' म्हणजे दोन शरई लेखनिक साक्षींवरून लिहितात. असं घर घेताना वारस मोजावे लागतात. समजा एक माणूस पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली मागे ठेवून गेला. घराचे आठ भाग: पत्नीला एक, मुलांना दोन-दोन, मुलींना एक-एक. पहिल्याच पिढीत सहा मालक. पुढच्या दोन पिढ्या तुम्हीच मोजा.

अकरांपैकी दहा जण फेजमध्ये होते. अकरावी एक बहीण, लग्न होऊन मार्सेलला गेलेली. भाऊ म्हणाले, तिचं काही म्हणणं नाही, आमचे हिस्से तू घेऊन टाक. स्वस्तात द्यायलाही तयार झाले. अदूलनं मात्र भावाला बाजूला नेऊन 'शुफा' समजावला. सामायिक मिळकतीतला हिस्सा बाहेरच्याला विकला गेला, तर उरलेल्या हिस्सेदाराला त्याच किमतीला तो आपल्याकडे घेता येतो. मुदत असते, पण तेवढ्यात तुम्ही छत बदललेलं असतं. हा हक्क आपल्याकडच्या मुस्लिम कायद्यातही आहे. वर्गात शिकवताना मी तो दोन मिनिटांत उरकतो.

भाऊ थांबला. आठ महिने थांबला. शेवटी मार्सेलला स्वतः गेला. त्या बाईंना घर विकायला निघालंय हेच माहीत नव्हतं. त्यांनी मुखत्यारपत्र दिलं, पण हिस्सा पुरा घेतला, एक दिरहमही सोडला नाही. चौकातल्या लिंबाच्या झाडाला हात लावू नकोस, एवढं मात्र सांगितलं.

परतल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. घराचे फोटो पाठवले, लिंबाचाही. मग विचारलं, "भाईजान, आपल्या गावच्या घराला फुफीची सही घेतली होती ना, तेव्हा तिला नीट सांगितलं होतं?"

घेतली होती. आखातातून पैसे आले, कौलं काढून स्लॅब टाकायचा होता, तेव्हा हक्कसोडपत्र केलं. ते मराठीत होतं. फुफीला वाचता येतं ते उर्दूच. घरात दोन्ही भाषा नीट येणारा मी एकटा. ते तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आलं होतं, आणि मी ते थोडक्यात सांगितलं होतं. "घर दुरुस्त करायचंय, सही लागते." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सही केली.

गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन घराचा नमुना 8 चा उतारा काढून आणला. तिचं नाव त्यावर नाही. फुफी हयात आहे, दापोलीला लेकीकडे असते. भाऊ ईदला येतोय. आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत, हक्कसोडपत्राची नक्कल घेऊन. या खेपेस सगळं वाचून दाखवेन, उर्दूत.