प्रबंधावाचून पदवी : नोकरदार अभियंत्याचा प्रश्न

कामगार चळवळीतल्या माणसाने विद्यापीठाच्या पदव्यांविषयी बोलावे, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. परंतु अलीकडे आमच्या कचेरीत पगार, बढती आणि बदली यांच्या तक्रारींबरोबर एक नवाच प्रश्न येऊ लागला आहे. वणीकडच्या कोळसाखाणींत, यवतमाळच्या कारखान्यांत किंवा वीज खात्यात काम करणारा तरुण अभियंता विचारतो, ''प्रबंध न लिहिता अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेता येते काय? आणि घेतली तर ती खरी मानतात काय?'' या दोन्ही प्रश्नांचा सरळ विचार करावा, एवढाच आजचा हेतू आहे.

प्रथम प्रबंध म्हणजे काय ते पाहू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा जो नमुना प्रसिद्ध केला, त्यात एकूण ६८ श्रेयांक असून त्यांपैकी २६ प्रबंधाचे आहेत. म्हणजे पदवीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग प्रबंधाचा. दुसरे वर्ष बहुतेक त्यातच जाते. अशा अभ्यासक्रमात नाव घालून प्रबंध टाळता येत नाही. सर्व विषय उत्तीर्ण झाले आणि प्रबंध राहिला, तर पदवीही राहिली.

पण जगात दुसरी पद्धतही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात फार दिवसांपासून दोन वाटा आहेत : एकीत विद्यार्थी प्रबंध लिहितो, दुसरीत त्याऐवजी सर्वंकष परीक्षा किंवा प्रकल्प यांवर त्याची पारख होते. स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांत ही पदवी प्रबंधाशिवायच पुरी होते. आपल्या देशातही कानपूरच्या आयआयटीने २०२२ साली नोकरदारांसाठी ई-मास्टर्स नावाचे अभ्यासक्रम काढले. त्यांत साठ श्रेयांक आहेत, प्रबंध नाही, आणि एक ते तीन वर्षांत आपल्या सोयीने ते पुरे करता येतात. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे.

आता दोहोंतला फरक. समजा, उघड्या खाणीत पावसाळ्यात पाणी उपसणारा पंप वारंवार बंद पडतो. प्रकल्प करणारा त्या पंपाची तपासणी करील, दोष शोधील आणि उपाय सांगून तो अमलात आणील. प्रबंध लिहिणारा विचारील की, अशा गढूळ पाण्यात अशा जातीचे पंप का झिजतात, पूर्वी कोणी काय सांगितले आहे, आणि आपल्या मोजमापांवरून त्यात नवे काय ठरते? एकाचे उत्तर त्या खाणीच्या उपयोगी पडते, दुसऱ्याचे कदाचित सगळ्याच खाणींच्या. दोन्ही कामे मानाची आहेत. संशोधन किंवा डॉक्टरेट ज्याच्या मनात आहे, त्याने प्रबंधाची मेहनत चुकवू नये. ती त्याची उमेदवारीच आहे. ज्याला यंत्रावरच राहायचे आहे, त्याने चार विषय अधिक शिकावेत, यात कमीपणा कसला?

आमच्या कामगारांना हे नवीन नाही. खाणीत सरदार, ओव्हरमन किंवा व्यवस्थापक व्हायचे तर कायदा प्रबंध मागत नाही. तो अनुभवाची वर्षे मागतो, परीक्षा घेतो आणि मग सक्षमतेचे प्रमाणपत्र देतो. शेकडो माणसांचे प्राण त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर असतात. परीक्षा चोख असेल, तर प्रबंधावाचूनही लायकी ठरते. परीक्षाच पोकळ असेल, तर जाडजूड प्रबंधानेही ती ठरत नाही. विकत मिळणारे तयार प्रबंध शहरांत कोणी पाहिले नाहीत असे नाही.

मात्र सोपी वाट शोधताना आडवाट धरू नये. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० साली स्थापन झालेली संस्था नोकरदारांच्या परीक्षा घेई, आणि तिची परीक्षा उत्तीर्ण होणे सरकार अभियांत्रिकी पदवीच्या बरोबरीचे मानी. कितीतरी गरिबांची मुले त्या दाराने अभियंते झाली. पण ती बरोबरी ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ठेवण्यात आली. पुढे ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल लावला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षेला बसण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. फी त्यांनी भरली होती, रात्री त्यांनी जागवल्या होत्या. दोष संस्थांचा, आणि भोग त्यांच्या वाट्याला आले.

म्हणून प्रवेशापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. या पदवीला, याच पद्धतीने शिकवल्यास, मान्यता आहे काय? प्रबंधाच्या जागी काय आहे, आणि ते कोण तपासतो? आणि आपली कचेरी बढतीच्या वेळी ही पदवी धरील काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये. तोंडी आश्वासन साहेबाच्या बदलीबरोबर बदलून जाते, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे.

शेवटी मुळाकडे येऊ. पुष्कळांना प्रबंध नको असतो तो बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. वेळ कमी पडतो म्हणून. पुसदला १९८३ पासून आणि यवतमाळला १९९६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; पण वणीच्या खाणीत आठवड्याआड पाळी बदलणाऱ्या माणसाला ते शंभर किलोमीटरांवर असले काय आणि हजारावर असले काय, सारखेच. तंत्रशिक्षण परिषदेने अलीकडे नोकरदारांसाठी सोयीच्या वेळी वर्ग भरवण्यास मुभा दिली आहे, ही चांगली गोष्ट झाली. पण वर्ग संध्याकाळी आणि पाळीही संध्याकाळी, असे झाले तर ती मुभा कागदावरच राहील.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, संघटनांनी आपल्या मागणीपत्रात बोनस आणि घरभाड्याच्या खाली एक ओळ घालावी : शिकणाऱ्या माणसाला ठरलेली पाळी, आणि शेवटच्या सहामाहीत पगारी अभ्यासरजा. ती मिळाली म्हणजे प्रबंध लिहायचा की नाही, हे माणूस आपल्या आवडीने आणि गरजेने ठरवील. आज ते त्याच्या पाळीचा तक्ता ठरवतो, आणि बदलायला हवे ते हेच.