मूळसंख्यांचे कुलूप

जबलपूरजवळील भेडाघाट येथे धुवाँधार धबधबा आणि नर्मदेकाठचे संगमरवरी कडे पाहून झाल्यावर पर्यटक टेकडीवरील चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या चढतात. कलचुरी राजवटीतील, दहाव्या शतकातील हे मंदिर वर्तुळाकार आहे. नावात ६४ असले, तरी भोवतालच्या ओवऱ्यांत योगिनींसाठी स्थाने आहेत ८१. दोन्ही संख्या तशा सोयीच्या. ६४ हा २ चा सहावा घात, तर ८१ हा ३ चा चौथा. त्यांचे सारखे गट सहज पाडता येतात. या दोहोंच्या दरम्यानच्या ६७, ७१, ७३ आणि ७९ यांचे मात्र तसे गट पडत नाहीत. १ आणि स्वतः ती संख्या यांखेरीज अन्य विभाजक नसलेल्या या मूळसंख्या होत.

यांपैकी ६७ ची कथा बँकेच्या ग्राहकाने जाणून घ्यावी अशी आहे. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला, की एक २१ अंकी संख्या मिळते. मारँ मेर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती संन्याशाने १६४४ मध्ये ती मूळसंख्या म्हणून नोंदविली. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ती मूळसंख्या नसल्याचे दाखवून दिले. नवल असे, की तिचा एकही अवयव त्यांना ठाऊक नव्हता! १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे तिचे अवयव अमेरिकेतील फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले ते १९०३ मध्ये. संख्या मूळ आहे की नाही हे ठरविणे तुलनेने सोपे. अवयव शोधणे मात्र महाकठीण.

रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ मध्ये याच विषमतेवर ‘आरएसए’ ही संकेतपद्धती उभारली. इंटरनेट बँकिंगच्या संकेतस्थळाची ओळख पटविणाऱ्या प्रमाणपत्रांत ती आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. तीत सुमारे ३०९ अंकी दोन मूळसंख्या निवडतात, त्यांचा गुणाकार जाहीर करतात आणि त्या दोन संख्या गुप्त राखतात. एवढ्या मोठ्या मूळसंख्या मिळतात कशा? त्या आकाराच्या संख्यांत सरासरीने सुमारे सातशेंत एक मूळसंख्या असते. संगणक यदृच्छेने संख्या घेऊन तपासत जातो. अशी तपासणी निःसंदिग्धपणे व व्यवहार्य कालमर्यादेत करता येते, हे २००२ मध्ये सिद्ध केले कानपूर आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी. नित्याच्या कामासाठी मात्र त्याहून जलद चाचण्या वापरतात. त्यांत चुकीची शक्यता नगण्य असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तब्बल ४,१०,२४,३२० अंकी मूळसंख्या जाहीर झाली. २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा करून ती मिळते. कुलुपासाठी ती निरुपयोगीच, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. उपयोग आहे तो कोणालाही ठाऊक नसलेल्या, त्या मानाने चिमुकल्या मूळसंख्यांचा.

२०२० मध्ये एका २५० अंकी गुणाकाराचे अवयव अनेक संगणक एकत्र राबवून शोधण्यात आले. वर सांगितलेला गुणाकार सुमारे ६१७ अंकी असतो, तेव्हा अंतर अद्याप मोठे आहे. परंतु पुरेसा शक्तिशाली क्वांटम संगणक हे काम झपाट्याने करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखविले होते. म्हणूनच अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या संकेतपद्धतींची मानके प्रसिद्ध केली. त्यांची भिस्त अवयव शोधण्याच्या काठिण्यावर नाही.